स्वप्ने का पडतात? निद्राविज्ञान आणि इस्लामी स्वप्नविचार

धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तालुक्यात ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेमार्गावर वसलेले दोंडाईचा हे गाव मिरचीच्या व्यापाराकरिता साऱ्या खानदेशात प्रसिद्ध आहे. हंगामात ओली लाल मिरची मोकळ्या जागेत पथारीवर वाळत घातलेली असते आणि तिच्या धन्याचे लक्ष आभाळाकडे लागलेले असते. कारण अवकाळी पावसाची एक सर आली तरी माल हातचा जातो. अशा दिवसांत एखाद्याला स्वप्न पडावे की, मध्यरात्री पाऊस कोसळला आहे, मिरची भिजत आहे, आणि ताडपत्री ओढावयास गेलेले हात काही केल्या उचलत नाहीत, तर त्यात नवल नाही. सकाळी हे स्वप्न सांगितले जाते. घरातील वडीलधारी माणसे त्यास पुढील संकटाची सूचना मानतात. मौलवीसाहेबांपुढे ते आले तर हे स्वप्न कोणत्या प्रकारात बसते हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. डॉक्टरांपुढे आले तर झोप पुरेशी होते की नाही, ही त्यांची पहिली पृच्छा असते.

अहिराणीत ज्यास ‘सपन’ म्हणतात व उर्दूत ज्यास ‘ख्वाब’ म्हणतात, त्या एकाच अनुभवाकडे पाहण्याच्या ह्या निरनिराळ्या दृष्टी आहेत. त्यांपैकी निद्राविज्ञानाची आणि इस्लामी परंपरेची अशा दोन दृष्टींचा येथे विचार करावयाचा आहे. दोहोंचे मूळ प्रश्नच भिन्न आहेत. स्वप्न शरीरात कसे घडते हा विज्ञानाचा प्रश्न होय; स्वप्न कोठून आले आणि ते पडल्यावर माणसाने कसे वागावे हा धर्मपरंपरेचा प्रश्न होय. हा भेद ध्यानात न घेतल्यास विज्ञानाने धर्म सिद्ध केला किंवा धर्माने विज्ञान आधीच सांगून ठेवले होते, अशी सोपी परंतु निराधार विधाने करण्याचा मोह होतो.

१. निद्रेचे निरीक्षण

निद्रा म्हणजे मेंदूची विश्रांती, ही समजूत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शास्त्रज्ञांतही रूढ होती. जर्मन वैद्य हान्स बर्गर ह्यांनी मानवी मेंदूतील विद्युत्प्रवाहांचा आलेख १९२४ साली प्रथम घेतला व १९२९ साली तो प्रसिद्ध केला. तेव्हापासून निद्रिस्त मेंदूचे निरीक्षण शक्य झाले. पुढे शिकागो विद्यापीठात नॅथॅनियल क्लाइटमन ह्यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे संशोधक विद्यार्थी यूजीन ॲसेरिन्स्की ह्यांना असे आढळले की, झोपलेल्या माणसाचे डोळे मिटलेल्या पापण्यांआड ठराविक अंतराने वेगाने हलू लागतात आणि त्या वेळी मेंदूचा आलेख जागृतीतील आलेखासारखा दिसतो. हे निष्कर्ष १९५३ साली प्रसिद्ध झाले. डोळे हलत असताना २७ वेळा माणसांना उठवून विचारले असता २० वेळा त्यांनी स्वप्नाचे सविस्तर वर्णन केले. डोळे स्थिर असताना २३ वेळा उठवले असता १९ वेळा त्यांना काहीही आठवले नाही. ह्या अवस्थेस ‘शीघ्र नेत्रचलन निद्रा’ किंवा संक्षेपाने ‘रेम निद्रा’ असे नाव पडले.

प्रौढ माणसाच्या रात्रीच्या झोपेत सुमारे दीड तासाचे एक अशी चार-पाच आवर्तने होतात व प्रत्येक आवर्तनाच्या अखेरीस रेम निद्रा येते. पहिल्या आवर्तनात ती थोडा वेळ टिकते. पहाटेकडे तिचा काळ वाढत जातो. एकूण झोपेपैकी सुमारे एक चतुर्थांश भाग ती व्यापते. नवजात बालकात हेच प्रमाण जवळजवळ निम्मे असते. पहाटेची स्वप्ने अधिक लक्षात राहतात ह्याचे कारण ह्यात सापडते. पहाटे रेम निद्रा दीर्घ असते आणि तिच्यातूनच पुष्कळदा जाग येते. पहाटेचे स्वप्न खरे ठरते ही लोकसमजूत मात्र ह्यावरून सिद्ध होत नाही. ते आठवते एवढेच सिद्ध होते.

स्वप्न क्षणार्धात पडते, ही दुसरी जुनी समजूत. फ्रेंच अभ्यासक आल्फ्रेद मोरी ह्यांनी एकोणिसाव्या शतकात स्वतःचे एक स्वप्न नोंदविले आहे. राज्यक्रांतीच्या न्यायासनापुढे त्यांची चौकशी झाली, शिक्षा झाली, आणि मानेवर पाते पडताच जाग आली. पाहतात तो पलंगाची दांडी मानेवर पडलेली. एवढी लांब कथा त्या एका आघातानंतरच्या क्षणात रचली गेली, असा त्यांचा तर्क होता. १९५७ साली विल्यम डिमेंट व क्लाइटमन ह्यांनी रेम निद्रा सुरू झाल्यावर काहींना पाच मिनिटांनी व काहींना पंधरा मिनिटांनी उठवून स्वप्न किती वेळ चालले असा प्रश्न केला, तेव्हा बहुतेकांनी योग्य कालावधी सांगितला. स्वप्नातील काळ जागेपणीच्या काळाहून फारसा निराळा नसतो, असे ह्यावरून दिसते.

फ्रान्समधील ल्योंच्या मिशेल झूव्हे ह्यांनी मांजरांवर केलेल्या प्रयोगांतून ह्या निद्रेचे आणखी एक लक्षण उघडकीस आले. मेंदू जागृत असल्यासारखा काम करीत असताना शरीराचे स्नायू मात्र पूर्णपणे शिथिल केलेले असतात. मस्तिष्कस्तंभातील ज्या भागाकडून हा प्रतिबंध होतो त्यास इजा केली असता झोपेतच मांजरे उठून अदृश्य भक्ष्यावर झडप घालू लागली. स्वप्नातील कृती प्रत्यक्षात उतरू नये अशी ही निसर्गाची योजना होय.

तथापि रेम निद्रा म्हणजेच स्वप्न, हे समीकरण टिकले नाही. १९६२ साली डेव्हिड फाउक्स ह्यांनी प्रश्नाची भाषा बदलली. ‘स्वप्न पडले काय?’ असे न विचारता ‘मनात काय चालले होते?’ असे विचारताच इतर निद्रेतूनही निम्म्याहून अधिक वेळा काही ना काही उत्तर मिळाले. १९९७ साली मार्क सोम्स ह्यांनी मेंदूस इजा झालेल्या रुग्णांच्या अभ्यासावरून दाखविले की, रेम निद्रा शाबूत असूनही स्वप्ने बंद पडू शकतात. कारण प्रेरणा व प्रतिमा ह्यांच्याशी संबंधित असलेले अग्रमस्तिष्काचे भाग निकामी झालेले असतात. सारांश, रेम निद्रा ही स्वप्नाची एकमेव जागा नसून सर्वांत सुपीक जमीन आहे.

२. प्रयोजनाचा प्रश्न

स्वप्ने कशी पडतात ह्याविषयी जितके एकमत आहे, तितके ती का पडतात ह्याविषयी नाही. सिग्मंड फ्रॉइड ह्यांनी १९०० साली असे प्रतिपादन केले की, दडपलेल्या इच्छा वेष पालटून स्वप्नात पुऱ्या होतात. ह्या उपपत्तीचा साहित्यावर व समाजावर मोठा परिणाम झाला. परंतु तिची प्रयोगाने परीक्षा करणे कठीण ठरले. नेमकी उलट बाजू १९७७ साली हार्वर्डच्या ॲलन हॉब्सन व रॉबर्ट मॅकार्ली ह्यांनी मांडली. मस्तिष्कस्तंभातून वर जाणारे संकेत स्वैर असतात व वरचा मेंदू त्यांची जमेल तशी कथा जुळवितो, असे त्यांचे म्हणणे. फ्रान्सिस क्रिक व ग्रॅम मिचिसन ह्यांनी १९८३ साली स्वप्नांकडे नको असलेल्या स्मृतींची झाडलोट म्हणून पाहिले. फिनलंडचे आन्ती रेव्होन्सुओ ह्यांनी २००० साली असे सुचविले की, संकटांची रंगीत तालीम करून घेणे हे स्वप्नाचे मूळ कार्य असावे. आदिमानवास तिचा उपयोग झाला असणार.

आज अधिक आधार मिळत आहे तो स्मृतीशी असलेल्या संबंधास. दिवसा नव्या जागेत फिरलेल्या उंदराच्या मेंदूत ज्या पेशी एकत्र कार्यरत झाल्या होत्या, त्याच पेशी नंतरच्या झोपेत पुन्हा एकत्र कार्यरत होतात, हे मॅथ्यू विल्सन व ब्रूस मॅकनॉटन ह्यांनी १९९४ साली दाखविले. रॉबर्ट स्टिकगोल्ड ह्यांनी २००० साली काही लोकांना ‘टेट्रिस’ हा ठोकळे रचण्याचा खेळ खेळावयास दिला, तेव्हा झोप लागताना त्यांच्या डोळ्यांपुढे पडणारे ठोकळे येऊ लागले. लक्षणीय गोष्ट अशी की, स्मृतिभ्रंश झालेल्या व खेळ खेळल्याचेही न आठवणाऱ्या काही रुग्णांनाही तेच ठोकळे दिसले. मेंदूची छायाचित्रे घेणाऱ्या पद्धतींनी आणखी एक गोष्ट कळली. रेम निद्रेत भावनांशी निगडित भाग विशेष क्रियाशील असतात, आणि तर्क व नियोजन करणारा अग्रभाग मंदावलेला असतो. म्हणूनच स्वप्नातील भीती खरी असते, आणि स्वप्नातील विसंगती त्या वेळी खटकत नाही.

ह्या प्रकाशात दोंडाईच्यातील मिरचीचे स्वप्न पाहिले तर ते पुरते अनाकलनीय राहत नाही. दिवसभर ज्या गोष्टीचा घोर लागलेला असतो, तिच्या आठवणी झोपेत पुन्हा चाळवल्या जातात. भावनेचे केंद्र तिला भयाचा रंग देते. आणि न उचलणारे हात कदाचित शिथिल झालेल्या स्नायूंचीच वार्ता देत असतात. पाऊस येणार की नाही हे मात्र त्या मेंदूस ठाऊक नसते.

३. इस्लामी परंपरेतील स्वप्नविचार

इस्लामी परंपरेत स्वप्नास मानाचे स्थान आहे. कुराणातील यूसुफ ह्या बाराव्या सूऱ्याची उभारणीच स्वप्नांवर झाली आहे. बालपणी यूसुफला अकरा तारे व सूर्यचंद्र आपणास वंदन करताना दिसतात. बंदिवासात दोन सोबती त्याला आपली स्वप्ने सांगतात. आणि अखेरीस मिसरच्या राजाला सात लठ्ठ गाईंना खाणाऱ्या सात रोड गाई दिसतात. दरबारी लोक ह्या स्वप्नास ‘अज्गास अहलाम’ म्हणजे गोंधळलेल्या स्वप्नांचा भारा म्हणून बाजूस सारतात. यूसुफ मात्र त्याचा अर्थ सांगून तेथेच थांबत नाही. सुकाळाच्या सात वर्षांतील धान्य कणसांतच राखून ठेवा, असा व्यवहाराचा सल्ला देतो. स्वप्नाची किंमत त्यातून निघणाऱ्या शहाण्या कृतीवर ठरते, हा ह्या कथेचा गाभा होय. पुत्राचा बळी देत असल्याचे इब्राहीमचे स्वप्न सदतिसाव्या सूऱ्यात आले आहे. झोपेत ईश्वर जीवांना आपल्याकडे घेतो व ज्यांचा मृत्यू ठरलेला नाही त्यांना नेमलेल्या मुदतीपर्यंत परत पाठवितो, असे एकोणचाळिसाव्या सूऱ्यात सांगितले आहे.

हदीसवाङ्मयात हा विचार वर्गीकरणाच्या रूपाने येतो. मुस्लिम ह्यांच्या संग्रहातील एका हदीसनुसार स्वप्ने तीन प्रकारची. पहिले, ईश्वराकडून येणारी शुभवार्ता. दुसरे, सैतानाकडून येणारे दुःखदायक स्वप्न. आणि तिसरे, माणूस स्वतःशी जे बोलत असतो त्याचेच स्वप्न. पहिल्यास ‘रुया’ व दुसऱ्यास ‘हुल्म’ असे शब्द वापरण्याचा प्रघात आहे. सत्य स्वप्न हे पैगंबरीच्या सेहेचाळीस भागांपैकी एक भाग होय, असे बुखारी ह्यांच्या संग्रहात आहे. आणि पैगंबर मुहंमद ह्यांना साक्षात्कार होण्यास आरंभ झाला तो पहाटेच्या उजेडासारख्या स्पष्ट स्वप्नांनीच, अशी हजरत आयेशा ह्यांची साक्ष तेथे नोंदविलेली आहे.

ह्या वर्गीकरणातील तिसरा प्रकार विशेष महत्त्वाचा. सर्वच स्वप्ने दैवी किंवा सैतानी नसतात. बरीचशी माणसाच्या स्वतःच्या चिंतेतून उगवतात व त्यांना अर्थ लावण्याची गरज नसते, ही जाणीव परंपरेच्या मुळाशीच आहे. ह्याच ठिकाणी ती आधुनिक मानसशास्त्राच्या सर्वांत जवळ येते. भारतीय परंपरेतही असा विवेक आढळतो. चरकसंहितेत पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, इच्छिलेले, कल्पिलेले, भावी घटना सुचविणारे आणि दोषजन्य असे स्वप्नांचे सात प्रकार सांगून त्यांपैकी पहिले पाच निष्फळ ठरविले आहेत.

स्वप्न पडल्यावर कसे वागावे ह्याचेही संकेत हदीसात आहेत. चांगले स्वप्न आपल्या जिवलगांनाच सांगावे. वाईट स्वप्न पडल्यास डावीकडे तीन वेळा हलके थुंकावे, ईश्वराचा आश्रय मागावा, कूस बदलावी आणि ते कोणासही सांगू नये. मग ते त्रासदायक ठरत नाही. न पडलेले स्वप्न पडले म्हणून सांगणाऱ्यास परलोकी जवाच्या दोन दाण्यांची गाठ मारण्याचे अशक्य काम दिले जाईल, असाही इशारा आहे. जेथे स्वप्नास प्रतिष्ठा असते तेथे खोटी स्वप्ने सांगून लोकांना फसविणारेही निपजतात, ह्याची ही जाणीव होय. धर्मशास्त्रज्ञांनीही ह्याच धोरणाने पैगंबरांखेरीज कोणाच्याही स्वप्नास विधिनिषेधाचे प्रमाण मानले नाही.

पुढील शतकांत ‘ताबीर’ म्हणजे स्वप्नार्थविद्या हे एक स्वतंत्र शास्त्र बनले. बसऱ्याचे इब्न सीरीन (मृत्यू ७२८) ह्यांचे नाव त्यात सर्वतोमुखी आहे. त्यांच्या नावावर विकली जाणारी पुस्तके मात्र त्यांची नव्हेत, असे संशोधकांचे मत आहे. नवव्या शतकात हुनैन इब्न इसहाक ह्यांनी ग्रीक लेखक आर्टेमिडोरस ह्याचा स्वप्नग्रंथ अरबीत आणला, म्हणजे ह्या शास्त्रास ग्रीक ज्ञानाचाही हात लागला. चौदाव्या शतकात इब्न खल्दून ह्यांनी आपल्या ‘मुकद्दिमा’ ग्रंथात स्वप्नाची मीमांसा केली. निद्रेत बाह्य इंद्रियांचा व्यापार थांबला की आत्मा अंतर्मुख होतो, आणि त्यास जे गवसते त्यास कल्पनाशक्ती ओळखीच्या प्रतिमांचा पेहराव चढविते; म्हणून अर्थ लावावा लागतो, असे त्यांचे विवेचन आहे. बाह्य इंद्रियांचा व्यापार थांबणे व कल्पनेने प्रतिमा रचणे, एवढ्यापुरते हे वर्णन आजच्या शास्त्रास मान्य होईल. आत्म्यास परोक्ष ज्ञान होते, हा भाग श्रद्धेचा. तो प्रयोगशाळेच्या कक्षेबाहेर राहतो.

४. खानदेश व महाराष्ट्र

खानदेशास हा विचार परका नाही. १३८२ पासून १६०१ पर्यंत येथे फारुकी सुलतानांचे राज्य होते. त्यांनी तापीकाठी वसविलेल्या बुऱ्हाणपूरला ज्यांचे नाव दिले, ते सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) खुलताबादेस चिरविश्रांती घेत आहेत. म्हणजे राजधानीचे नावही एका दिवंगत संताच्या स्मरणातून आले. सूफी परंपरेत देहाने दूर असलेल्या किंवा निधन पावलेल्या गुरूकडून आंतरिक मार्गाने, विशेषतः स्वप्नात, उपदेश मिळणे ग्राह्य मानलेले आहे. अशा साधकास ‘उवैसी’ म्हणतात. वारकरी परंपरेत ह्याचे नाते सहज दिसते. तुकाराममहाराजांना बाबाजींकडून मंत्रोपदेश झाला तो स्वप्नात, आणि नामदेवांनी विठ्ठलासह येऊन कवित्वाची आज्ञा केली तीही स्वप्नात. संत बहिणाबाई (१६२८–१७००) ह्यांना कोल्हापुरात असताना तुकारामांचा अनुग्रह झाला तो स्वप्नातच. तुकाराम तेव्हा हयात होते, परंतु बहिणाबाईंना त्यांचे प्रत्यक्ष दर्शन झालेले नव्हते. ज्या समाजात स्त्रीला व शूद्र गणलेल्यांना गुरूकडे जाण्याची वाट मोकळी नव्हती, तेथे स्वप्नाने ती वाट उघडली. शास्त्रीय कारणमीमांसेने ह्या घटनेचे सामाजिक मोल कमी होत नाही.

दुसरे उदाहरण अगदी निराळ्या प्रकारचे आहे. १७९९ च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टण पडल्यावर टिपू सुलतानाच्या खाजगी कागदांत त्याच्या हातची एक फार्सी वही सापडली. तीत त्याने आपली ३७ स्वप्ने नोंदविली आहेत. ही वही आज लंडनमध्ये आहे. त्यांपैकी एक स्वप्न मराठ्यांविषयी आहे. शाहनूरजवळ हरिपंत फडके ह्यांच्या सैन्यावर रात्रीचा छापा घालण्यापूर्वी टिपूला स्वप्नात एक देखणा अनोळखी तरुण भेटला. बोलता बोलता त्याने पागोट्यातील केस मोकळे केले, तेव्हा ती पुरुषवेषातील स्त्री असल्याचे उघड झाले. टिपूने सोबत्यांना अर्थ सांगितला की, मराठ्यांनी पुरुषांचा वेष घेतला असला तरी ते स्त्रिया ठरतील. आणि छाप्यानंतर आपला अर्थ खरा ठरल्याचेही लिहून ठेवले. तिन्ही प्रकारांच्या कसोटीवर हे स्वप्न कोठे बसेल? लढाईच्या तोंडावर शत्रूविषयीचे विचार मनात घोळत असताना पडलेले हे स्वप्न ‘स्वतःशी चाललेले बोलणे’ मानावयास पुष्कळ जागा आहे. स्वप्न एका रात्रीचे. त्याचा अर्थ मात्र जागेपणीच्या गरजेने ठरविला.

५. स्वप्न आणि आरोग्य

स्वप्नांविषयीचे अज्ञान काही वेळा थेट प्रकृतीवर बेतते. झोपेतून जाग येते, डोळे उघडतात, परंतु हातपाय हलत नाहीत, छातीवर कोणीतरी बसल्याचा भास होतो आणि ओरडावे तर आवाज फुटत नाही, हा अनुभव पुष्कळांना येतो. गावोगाव त्याचा संबंध भुताखेतांशी जोडण्यात येतो. वस्तुतः रेम निद्रेतील स्नायूंची शिथिलता जाग आल्यावरही काही क्षण रेंगाळते, एवढेच त्याचे कारण. मनोवेधक गोष्ट अशी की, इब्न सीना (मृत्यू १०३७) ह्यांनी आपल्या ‘कानून’ ह्या वैद्यकग्रंथात ‘काबूस’ नावाने ह्या त्रासाची नोंद रोगांमध्ये केली आहे व त्यावर उपचार सांगितले आहेत. म्हणजे ह्या बाबतीत वैद्याकडे जाणे हे परंपरेशी विसंगत नाही. परंपरेतील एका थोर वैद्याने दाखविलेली ती वाट आहे.

ह्याहून गंभीर अशी दुसरी अवस्था आहे. काही माणसे, विशेषतः पन्नाशी उलटलेले पुरुष, स्वप्नात चाललेली झटापट प्रत्यक्षात करू लागतात. लाथा मारतात, ओरडतात, शेजारी झोपलेल्यास इजा करतात. झूव्हे ह्यांच्या मांजरांप्रमाणे त्यांच्या मेंदूतील प्रतिबंध सुटलेला असतो. अमेरिकेतील कार्लोस शेंक व मार्क माहोवाल्ड ह्यांनी १९८६ साली ह्या विकाराचे वर्णन केले. पुढील अभ्यासांत असे आढळले की, अन्य कारण नसताना हा विकार जडलेल्यांपैकी बहुसंख्यांना काही वर्षांनी कंपवात किंवा तत्सम आजार होतो. अशा माणसास बाहेरची बाधा झाली असे समजून भगताकडे नेण्यात मौल्यवान वर्षे वाया जातात. तीच गोष्ट आघातानंतर वारंवार पडणाऱ्या भयस्वप्नांची. जागेपणी त्या स्वप्नाचा शेवट बदलून तो रोज मनात घोळविण्याची साधी पद्धत पुष्कळांना उपयोगी पडली आहे. अपघात, आगी वा दंगली पाहिलेल्या माणसांना हे ठाऊक असणे अगत्याचे आहे.

६. समारोप

दोन्ही दृष्टींची तुलना करता तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, बहुतेक स्वप्ने माणसाच्या स्वतःच्या चिंता, इच्छा व आठवणी ह्यांतून निपजतात, ह्याविषयी विज्ञानात व हदीसात विरोध नाही. दुसरी, काही थोडी स्वप्ने ईश्वराकडून येतात ही श्रद्धा विज्ञानास सिद्धही करता येत नाही व खोडताही येत नाही. तथापि खुद्द परंपरेनेच त्या श्रद्धेस प्रामाणिकपणाची अट, मौनाची शिस्त व धर्मनियमांची मर्यादा घातली आहे. तिसरी, स्वप्नाच्या आधारे आकडे लावणे, नातेवाइकांवर संशय धरणे किंवा औषध सोडणे ह्यांस दोहोंपैकी कोणाचाही आधार नाही.

मिरचीचा धनी मौलवीसाहेबांकडे गेला तर वाईट स्वप्न गावभर सांगू नका, ईश्वराचा आश्रय मागा, असे ते त्यास सांगतील. डॉक्टरांकडे गेला तर काळजी कमी करा, झोप पुरी घ्या, असे ते सांगतील. दोघांचेही ऐकून तो जर सायंकाळी पथारीवर ताडपत्री घालून निजला, तर यूसुफाने मिसरच्या राजास दिलेल्या सल्ल्याचेच त्याने पालन केले असे होईल. स्वप्न त्यास पावसाची बातमी देत नव्हते. मिरची उघड्यावर आहे, ही त्याला ठाऊक असलेलीच गोष्ट ते पुन्हा सांगत होते.